एक नवस, ६०८० कागद

गेऑर्ग शुरहामर हे नाव मराठी वाचकाला भेटलंच तर तळटीपेत भेटतं. ख्रिस्तपुराण, जुना गोवा, भारतातली सुरुवातीची छपाई यांवर काही गंभीर वाचायला घेतलं की कुठेतरी पानाच्या तळाशी हे जर्मन नाव, पुढे एक साल आणि पृष्ठक्रमांक दिसतो. हा माणूस कोण, याची चौकशी करायला सहसा कोणी थांबत नाही. त्यात नवल नाही. त्यांनी सगळं आयुष्य दुसऱ्याच एका माणसाचे कागद लावण्यात घालवलं.

तो दुसरा माणूस म्हणजे सोळाव्या शतकातला मिशनरी संत फ्रान्सिस झेवियर, गोवेकरांचा ‘गोंयचो सायब’. आणि कामाची सुरुवात झाली ती चक्क नवसाने.

शुरहामर यांचा जन्म २५ सप्टेंबर १८८२ चा, जर्मनीच्या नैर्ऋत्येला फ्रायबुर्गजवळच्या ग्लोटर खोऱ्यातला. १९०३ मध्ये ते जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघात गेले; झेवियरही याच संघाचा. जर्मन साम्राज्यात १८७२ पासून जेझुइटांवर बंदी होती. त्यामुळे जर्मन जेझुइटांची तयारी व्हायची ऑस्ट्रिया-हॉलंडात आणि पुष्कळांचं काम निघायचं थेट परदेशात. मुंबई-पुण्याचं मिशन तेव्हा त्यांच्याकडे होतं. मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ मध्ये त्यांनीच काढलेलं. शुरहामर १९०८ मध्ये भारतात आले. १९१० मध्ये प्रकृती ढासळलेली असताना ते जुन्या गोव्याला झेवियरच्या शवप्रदर्शनाच्या निमित्ताने गेले आणि तिथे नवस बोलले, की बरा झालो तर झेवियरचं चरित्र लिहीन. (पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं तेही १९१० मध्येच. दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण अस्सल कागदावाचून बोलायचं नाही हा हट्ट त्या काळाच्या हवेतच होता.)

१९२५ मध्ये त्यांनी झेवियरचं एक आटोपशीर चरित्र लिहून छापलंही. दुसरा कोणी असता तर नवस फिटला म्हणून मोकळा झाला असता. मोठ्या चरित्राचा पहिला खंड आला तो १९५५ मध्ये, म्हणजे नवसानंतर ४५ वर्षांनी. दुसऱ्या खंडाचे तीन भाग करावे लागले. त्यातला पहिला १९६३ मध्ये निघाला. २ नोव्हेंबर १९७१ रोजी रोममध्ये शुरहामर गेले तेव्हा ते ८९ वर्षांचे होते, आणि शेवटचा भाग १९७३ मध्ये त्यांच्या माघारी छापून झाला. झेवियर स्वतः जगला ४६ वर्षं.

एवढा वेळ कशात गेला? लिहिण्यात कमी गेला. लिहिण्याआधी कागद कोणता खरा, कोणता नकलेची नक्कल, कोणता कोणी सुधारून ठेवलेला, हे ठरवण्यात गेला.

झेवियरची पत्रं छापील स्वरूपात शुरहामर यांच्या आधी तीनशे वर्षं उपलब्ध होती. १५९६ मध्ये तोर्सेल्लिनो नावाच्या इटालियन जेझुइटाने ती लॅटिनमध्ये काढली. त्याची लॅटिन नामी होती आणि तीच अडचण झाली. झेवियर लिहायचा स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये, घाईघाईत, वाक्य अर्धवट सोडून, एकच गोष्ट दोनदा सांगत. तोर्सेल्लिनोने त्याला सिसेरोचा, म्हणजे लॅटिन गद्याच्या रोमन उस्तादाचा, शिष्य करून टाकलं. पुढच्या चरित्रकारांनी हीच पत्रं उचलली आणि आपापल्या भाषेत फिरवली. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर माद्रिदहून पत्रांची मूळ भाषेतली आवृत्ती निघाली खरी, पण पुष्कळ हस्तलिखितं तेव्हा हाती आलेली नव्हती.

नुसत्या नकला तरी किती प्रकारच्या! हिंदुस्थानातून युरोपला जाणारं महत्त्वाचं पत्र एकाच जहाजावर कोणी टाकत नसे. त्याच्या दोन-तीन प्रती करून वेगवेगळ्या जहाजांवर द्यायच्या आणि प्रतीवर ‘पहिली वाट’, ‘दुसरी वाट’ असं लिहायचं, ही रीत होती. म्हणजे एकाच पत्राच्या दोन प्रती अस्सल असू शकतात आणि तरीही त्यांत फरक असतो, कारण दुसरी लिहिताना माणसाला आणखी काही आठवलेलं असतं. पत्र लिस्बनला पोचलं की त्याची नक्कल पोर्तुगालमधल्याच कोइंब्राच्या विद्यालयात, तिथून आणखी नकला रोमला आणि इतर मठांत. नक्कल करणारा विद्यार्थी गावांची नावं आपल्या कानाला बरी वाटतील तशी लिहून मोकळा होई. शिवाय संघाचा संस्थापक इग्नेशियस याने पत्रलेखनाचा एक नियमच घालून दिला होता. मुख्य पत्र असं असावं की चारचौघांत वाचून दाखवता यावं, आणि तक्रारी, भांडणं, खाजगी गोष्टी सोबतच्या वेगळ्या चिठ्ठीत लिहाव्यात. चारचौघांतली पत्रं टिकली, कारण त्यांच्या नकला झाल्या. चिठ्ठ्या बऱ्याच गेल्या. त्यामुळे फक्त टिकलेलं वाचणाऱ्याला मिशनचं काम आहे त्यापेक्षा गुळगुळीत दिसतं.

जी उरली त्यांत मात्र वेगळाच माणूस बोलतो. २६ जानेवारी १५४९ रोजी कोचीहून पोर्तुगालच्या राजाला लिहिताना झेवियर साफ सांगतो की तुमच्या आज्ञा इथे कोणी पाळेल अशी मला आशा उरलेली नाही, मी जपानला चाललोय तो जवळजवळ पळूनच.

तारीख लावण्याचं एक मजेशीर कोडं असतं, आणि ते सोडवायला इतिहासापेक्षा वाऱ्यांची माहिती जास्त लागते. लिस्बनहून आरमार निघे मार्च-एप्रिलात आणि नैर्ऋत्य मोसमी वारे धरून सप्टेंबरच्या सुमारास गोव्याला लागे. कोचीला मिरी भरून परतीची जहाजं सुटत ती डिसेंबर-जानेवारीत. वेळ चुकली की मोझांबिकला मुक्काम. झेवियरचं तेच झालं. ७ एप्रिल १५४१ ला लिस्बन सोडलं, गोवा दिसलं ६ मे १५४२ ला, तेरा महिन्यांनी. या वेळापत्रकामुळे त्याची युरोपला गेलेली मोठी पत्रं जानेवारीत आणि कोचीला येऊन दाटतात. १५ जानेवारी १५४४, २७ जानेवारी १५४५, २० जानेवारी १५४८, सगळी कोचीची. वर्षभराचं एका बैठकीत लिहायचं, म्हणजे घटनांचा क्रम गडबडणारच. एखाद्या पत्रात ‘गेल्या महिन्यात’ असं आलं तर तो महिना पत्राच्या तारखेवरून मोजायचा की मसुदा लिहायला बसला त्या दिवसावरून, हे ज्याचं त्याने ताडून बघायचं.

आणखी एक खोच होती. पोर्तुगीज-स्पॅनिश लेखनिकांपैकी काही जण नवं साल १ जानेवारीला धरत नसत, नाताळला धरत. त्यामुळे २५ ते ३१ डिसेंबरमधल्या कागदावरचं साल एकाने वाढलेलं असू शकतं. एका आठवड्याचा घोळ, पण त्यात माणूस वर्षभर आधी किंवा वर्षभर नंतर मेलेला दाखवता येतो. बिनतारखेच्या कागदाला गव्हर्नराच्या नावाचा आधार घ्यायचा. गव्हर्नर दों जुआंव दि काश्त्रु हयात असल्यासारखा उल्लेख असेल आणि कागद गोव्यातलाच असेल तर तो ६ जून १५४८ च्या अलीकडचा, कारण त्या दिवशी तो वारला. कागद लिस्बनचा असेल तर मात्र हा आधार कुचकामी, बातमी पोचायलाच कित्येक महिने लागत. इग्नेशियसने झेवियरला युरोपात परत बोलावणारं पत्र २८ जून १५५३ रोजी लिहिलं. झेवियर ३ डिसेंबर १५५२ लाच चीनच्या किनाऱ्यावरच्या शांगछुआन बेटावर वारला होता.

हे सगळं डोक्यात ठेवून कोणाला चरित्र लिहिता येत नाही, म्हणून शुरहामर यांनी आधी एक सूची केली. १९३२ मध्ये लाइपझिगला छापलेल्या या ग्रंथात १५३८ ते १५५२ या पंधरा वर्षांतल्या पोर्तुगीज आशिया आणि शेजारच्या देशांबद्दलच्या ६०८० समकालीन कागदांच्या नोंदी आहेत. नोंदीत कागदाची तारीख, ठिकाण, कोणी कोणाला लिहिला, मजकुराचा दोन-चार ओळींत गोषवारा, कागद कुठल्या दप्तरात, कुठल्या गठ्ठ्यात आहे, आणि आधी छापला गेला असेल तर कुठे, एवढं येतं. मिशनऱ्यांची पत्रं त्यात आहेतच, पण राजाची फर्मानं, किल्लेदारांच्या तक्रारी, हिशेब, व्यापाऱ्यांचे अर्ज असलं बिगरधार्मिक साहित्य खूप जास्त आहे. माझ्या मते शुरहामर यांचं सर्वांत टिकाऊ काम हेच. चरित्राशी मतभेद होऊ शकतात, सूचीशी भांडायला जागा नाही. झेवियरमध्ये काडीचा रस नसलेले मिरीच्या व्यापाराचे, सिलोनच्या राजकारणाचे अभ्यासक आजही तिच्यात जाऊन कागदाचा क्रमांक काढतात.

आणि ६०८० हा आकडा सगळी पडझड वजा जाता उरलेला आहे, हे लक्षात घ्यायला हवं. १ नोव्हेंबर १७५५ च्या लिस्बनच्या भूकंपात आणि आगीत हिंदुस्थानच्या व्यापाराचं ‘कासा दा इंदिया’चं दप्तर गेलं. १७५९ मध्ये पोर्तुगीज मुलखातून जेझुइटांना हाकललं तेव्हा त्यांच्या घरांतले कागद जप्त झाले, विकले गेले, फुटले. मकावला अठराव्या शतकात कोणीतरी शहाणपणाने जुन्या कागदांच्या नकला करवून घेतल्या होत्या, त्या लिस्बनच्या आजुदा ग्रंथालयात आहेत, म्हणून निदान तेवढं वाचलं.

भक्तीनेही कागद खाल्ले. संताचं हस्ताक्षर म्हणजे संताचा अवशेषच. ज्या ओढीने १६१४ मध्ये झेवियरच्या शवाचा उजवा हात कापून रोमला नेला, त्याच ओढीने त्याच्या पत्रांवर कात्री चालली. यात एक विलक्षण गंमत आहे. मे १५४६ मध्ये आंबोन बेटावरून युरोपातल्या सोबत्यांना लिहिताना झेवियर सांगतो की तुमच्या पत्रांवरच्या, तुमच्या हाताने लिहिलेल्या सह्या मी कापून घेतल्या आहेत आणि त्या सतत जवळ बाळगतो. इतिहासकाराने या वाक्याशी काय करावं? शुरहामर ते वाक्य त्याच्या जागी ठेवतात आणि पुढच्या कागदाकडे वळतात.

योझेफ विकी या तरुण स्विस जेझुइटाला बरोबर घेऊन त्यांनी पत्रांची चिकित्सक आवृत्ती केली. दोन खंड, रोम, १९४४ आणि १९४५. सालं पाहिली की कळतं, पहिला खंड आला तेव्हा रोममधून जर्मन सैन्य नुकतंच हटत होतं किंवा हटलं होतं. पत्रं आणि सूचना मिळून १३७ लेख त्यात आहेत. प्रत्येकाच्या आधी हस्तलिखितांची वंशावळ, कुठली प्रत कुठल्या प्रतीवरून उतरली, कुठला पाठ का घेतला, आणि खाली पाठभेद. विकी यांनी पुढे १९४८ पासून हिंदुस्थानातल्या जेझुइट पत्रव्यवहाराचे खंड काढायला घेतले, ते १८ भरले आणि १५९७ पर्यंत आले.

आता चमत्कारांचं. शुरहामर नास्तिक नव्हते; बरे झाल्याबद्दल नवस फेडणारा माणूस नास्तिक कसा असेल? पण साक्षीपुराव्याचा त्यांचा एक साधा निकष होता. घटना आणि साक्ष यांच्यात किती वर्षं गेली, आणि साक्षीदार स्वतः तिथे होता का. राजाच्या हुकमाने झेवियरबद्दलच्या पहिल्या साक्षी १५५६-५७ मध्ये गोवा, कोची, वसई आणि मलाक्का इथे घेतल्या गेल्या. म्हणजे माणूस जाऊन चारच वर्षं झालेली. दुसरी फेरी झाली ती सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, संतपदाची मागणी जोरात असताना. तेव्हाचे साक्षीदार साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं सांगत होते, तेही पुष्कळदा बापाकडून ऐकलेलं. दोन्ही फेऱ्यांतल्या जबान्या शेजारी ठेवल्या की कुठली गोष्ट आधी नव्हती आणि नंतर उगवली, ते दिसतं.

भाषेचा चमत्कार घ्या. झेवियरला हव्या त्या भाषेत बोलण्याचं दान मिळालं होतं, असं १६२२ मध्ये तो संत ठरला त्या काळात सर्रास मानलं जाई. त्याच्याच १५ जानेवारी १५४४ च्या पत्रात काय आहे? आपण तिथल्या लोकांत आलो तेव्हा ते आपल्याला समजेनात आणि आपण त्यांना, कारण त्यांची भाषा मलबारी आणि आपली बास्क. मग दोन्ही भाषा येणारी माणसं गोळा केली, त्यांच्याबरोबर बसून बरेच दिवस फार कष्टाने प्रार्थनांचं भाषांतर केलं, ते पाठ केलं आणि हातात घंटा घेऊन मुलं-माणसं जमवत गावभर हिंडलो. तमिळ किनाऱ्यावरची ही हकिकत आहे. ती तशीच ठेवली की दानाची गरज उरत नाही. शुरहामर यांनी ती तशीच ठेवली. फेर्नांव मेंदिश पिंतु या प्रवाशाच्या जपानी हकिकती चरित्रकारांनी मिटक्या मारत वापरल्या होत्या. १९२६ मध्ये त्यांनी त्या कागदांशी पडताळून त्यातली भर वेगळी काढली.

धर्मांतराच्या आकड्यांबाबतही हेच. भक्तिपर चरित्रांत संख्या लाखांत जाते. तुतिकोरिनच्या किनाऱ्यावरच्या ‘परवा’ नावाच्या कोळी जमातीवर शुरहामर यांनी १९३५ मध्ये स्वतंत्र लेख लिहिला. त्यात दिसतं ते असं. मोत्यांच्या शिंपल्यांवरून मुसलमान व्यापाऱ्यांशी हाडवैर पेटलेलं, एका परवाचा कान फाडला गेल्यावर भडका उडालेला, आणि जमातीच्या पुढाऱ्यांनी कोचीला जाऊन पोर्तुगीजांकडे संरक्षण मागितलेलं. बदल्यात बाप्तिस्मा. हे घडलं १५३५ ते १५३७ मध्ये, झेवियर हिंदुस्थानात पाय ठेवायच्या पाच वर्षं आधी. तो आला तेव्हा नावापुरते ख्रिस्ती झालेले हजारो लोक शिकवणाऱ्याची वाट बघत होते. जेझुइटाने आपल्याच संघाच्या सर्वांत मोठ्या नावाच्या खात्यातून एवढी रक्कम वळती करावी, ही साधी गोष्ट नाही.

मर्यादा आहेतच, आणि त्या लहान नाहीत. मोठ्या चरित्रात हिंदू बाजू येते ती पोर्तुगीज कागदांतून गाळून. गोव्यातल्या तिसवाडीतली देवळं पाडली गेली, त्यांच्या जमिनींचं उत्पन्न १५४१ मध्ये नव्या धर्मसंस्थेकडे वळवलं गेलं, याचे तपशील तळटिपांत भरपूर आहेत, पण लेखकाचा स्वर तिथे दचकत नाही. १६ मे १५४६ रोजी आंबोनवरून झेवियरने राजाकडे गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणारं धर्मन्यायालय, आणण्याची मागणी केली, ते पत्र आवृत्तीत पूर्ण आहे. प्रत्यक्ष न्यायालय आलं १५६० मध्ये, म्हणून त्याचा थेट दोष झेवियरवर टाकता येत नाही, हे खरं. पण १५४६ ते १५६० या अंतराचा आधार घेऊन विषय संपवता येतो, असं मला वाटत नाही. शुरहामर तिथे थोडे घाईत पुढे सरकतात. फक्त ज्या पत्रावरून त्यांना टोकायचं, ते पत्र पाठभेदांसह आपल्या हातात त्यांनीच दिलेलं असतं. श्रद्धेने लिहिलेला इतिहास आणि वापरता येण्याजोगा इतिहास यांत मी फरक करतो तो इथे.

मराठीशी त्यांचा सरळ संबंध आला तो चरित्राच्या कडेकडेने. रोमच्या जेझुइट दप्तरात गोव्याच्या गठ्ठ्यांतून फिरताना त्यांना थॉमस स्टीफन्सचे कागद सापडत गेले. स्टीफन्स २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्याला उतरलेला इंग्रज जेझुइट, गोव्यातल्या साष्टीत चाळीस वर्षं राहिलेला, ख्रिस्तपुराणाचा कर्ता, १६१९ मध्ये वारलेला. १९५७ मध्ये शुरहामर यांनी त्याच्यावर नवी कागदपत्रं देणारा लेख छापला आणि मथळ्यातच त्याला ‘मराठी कवी’ म्हटलं. जर्मन मथळ्यात ‘मराठी’ हा शब्द असा ठळक, तोही कवीच्या आधी, मला फार आवडतो.

त्यांनी उजेडात आणलेल्या कागदांत स्टीफन्सचं ५ डिसेंबर १६०८ चं पत्र आहे, रोममधल्या संघप्रमुखाला लिहिलेलं. मलबारात तिथल्या लिपीत छापील पुस्तकं आहेत, तशी या प्रांतातही इथल्या भाषेत आणि इथल्या अक्षरांत निघावीत, अशी आपली कित्येक वर्षांची इच्छा असल्याचं तो कळवतो. नड कुठे आहे तेही सांगतो. युरोपात २४ साच्यांवर भागतं, इथे अक्षरखंडांची लिपी असल्याने सुमारे ६०० साचे ओतावे लागतील. ‘क’ला काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरं धरून खिळे मोजायला बसलं की हा हिशेब मुळीच फुगवलेला वाटत नाही. साचे ओतले गेले नाहीत. १६१६ मध्ये साष्टीतल्या रायतूरला त्याचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं ते रोमन अक्षरांत. त्याच्या छापील जुन्या प्रतींपैकी एकही आज शिल्लक नाही, मजकूर हस्तलिखितांतून आला.

१९५८ मध्ये मराठी संशोधक अ. का. प्रियोळकरांनी भारतातल्या छपाईचा इतिहास लिहिला तेव्हा हे ६०० साच्यांचं पत्र त्यांनी शुरहामर यांच्याकडून घेतलं. तीन वर्षांनी त्याच प्रियोळकरांचं गोव्याच्या इन्क्विझिशनवरचं पुस्तक निघालं.